सोफ्यावर दिसलेली भाताची शितं

मागच्या अंकात मांजरींच्या लसींबद्दल लिहिलं होतं, पण त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त जंतांचे निघाले. पावसाळ्यात हे दरवर्षीच होतं, ओल आणि उकाडा एकत्र आला की पिसवा वाढतात, त्यात कुणाच्या तरी माळ्यावर भाटी व्यालेली असते, आणि मग पोट टम्म फुगलेल्या पिल्लांचे फोटो यायला लागतात. म्हणून यावेळचा सगळा कॉलम जंतांनाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून फक्त गाव ठेवलंय.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमची मनी तीन वर्षांची आहे. दीड-दोन महिन्यांपूर्वी सोफ्यावर ती बसते तिथे भाताच्या शितांसारखं काहीतरी दिसलं, आधी वाटलं मुलाने जेवताना सांडलं असेल पण त्यातलं एक शित हललं हो!! घाबरून पेट शॉपमधून जंताची गोळी आणून दिली, तीन आठवडे छान गेले आणि परत तेच. परत गोळी दिली, परत तेच. शी तपासून आणली तर रिपोर्टमध्ये काहीच नाही. गोळी डुप्लिकेट असते का? घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, त्याला होईल का हे? (डोंबिवली)

उत्तर : ताई, गोळी बहुतेक चांगलीच होती, कारण तीन आठवडे काही दिसलं नाही म्हणजे तिने तिचं काम केलं. मनीला परत नव्याने जंत झालेत, आणि ते पिसवांमधून झालेत.

तुम्ही बघितलं तो पट्टकृमीचा तुकडा. आतड्यात हा जंत फितीसारखा असतो, अर्धा मीटरपर्यंतही वाढतो, आणि त्याची शेपटीकडची पेरं एकेक सुटून शीबरोबर किंवा नुसतीच बाहेर पडतात. ताजं पेर काकडीच्या बीसारखं दिसतं आणि वळवळतं, वाळलं की तिळासारखं होतं, मग शेपटीखालच्या केसांना चिकटलेलं सापडतं. अंडी या पेरांच्या आत बंद असतात, शीमध्ये मोकळी मिसळलेली नसतात, त्यामुळे शीच्या तपासणीत हा जंत बऱ्याचदा सापडतच नाही. तुमचा रिपोर्ट चुकीचा नव्हता, पण तेवढ्यावरून मनीला जंत नाहीत असंही म्हणता येत नाही. पुढच्या वेळी ते शितच एका छोट्या डबीत घालून व्हेटकडे न्या, बघितल्याबरोबर कळतं.

आता पिसवांचं ऐका, कारण सगळी गोम तिथे आहे. पेर वाळून फुटलं की अंडी सोफ्याच्या फटीत, चटईखाली, तिच्या अंथरुणात सांडतात. तिथेच पिसवांच्या बारीक अळ्या असतात, त्या ही अंडी खातात. अळीची पिसू होते, पिसू मनीच्या अंगावर चढते, मनी अंग चाटता चाटता ती पिसू गिळते, आणि दोन-तीन आठवड्यांत पोटात नवा पट्टकृमी तयार. जंताची गोळी त्या दिवशी पोटात असलेला जंत मारते, उद्या गिळलेल्या पिसवेचं ती काहीही करू शकत नाही. म्हणून तुम्ही कितीही भारी गोळी आणा, पिसवा आहेत तोवर हे चक्र चालू राहणार.

"आमच्या मांजरीला पिसवा नाहीत" असं मला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. मांजर इतकी चाटूनपुसून स्वच्छ राहते की पिसू दिसायच्या आधीच तिच्या पोटात गेलेली असते. बारीक दातांची फणी घ्या, शेपटीच्या बुंध्याजवळ आणि मानेवर फिरवा, जी काळी पूड निघेल ती ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची शी, म्हणजे पचलेलं रक्त. मग प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीवरचं औषध असलेली गोळी आणि मांजरीसाठीचं पिसवांचं औषध, सेलामेक्टिन किंवा फिप्रोनिलसारखं, दोन्ही एकत्रच सुरू करा, पिसवांचं औषध किमान तीन महिने न चुकता, घरात दुसरं मांजर-कुत्रं असेल तर त्यालाही त्याचं त्याचं वेगळं. सोफ्याची कव्हरं गरम पाण्यात धुवा आणि फटींमध्ये व्हॅक्युम फिरवा, कारण पिसवांचे कोष तिथे कित्येक महिने नुसते पडून राहू शकतात.

आणि कृपा करून कुत्र्याचं स्पॉट-ऑन, म्हणजे मानेवर टाकायचं पिसवांचं औषध, मांजरीच्या मानेवर टाकू नका. कुत्र्यांच्या काही औषधांमध्ये परमेथ्रिन असतं, कुत्र्याचं लिव्हर ते सहज पचवतं, मांजरीचं पचवू शकत नाही. अंग थरथरायला लागतं, झटके येतात, मांजर जाते. असं मांजर टेबलवर घेऊन बसलेली मालकीणबाई मी बघितली आहे, तिने प्रेमानेच लावलं होतं ते औषध. फिनेलच्या पाण्याने आंघोळ, रॉकेलचा बोळा, हेही नको, मांजर ते सगळं चाटते.

मुलाचं विचारलंत ते बरं केलंत. मनीच्या शीला किंवा त्या शिताला हात लागला म्हणून हा पट्टकृमी होत नाही, पिसूच गिळावी लागते. लहान मुलांमध्ये क्वचित होतो आणि औषधाने जातो. पिसवा घालवल्यात की ही काळजीही गेली.

प्रश्न : डॉक्टर साहेब, शाळेत मुलांना 10 ऑगस्टला जंताची गोळी देतात तीच मेडिकलमधून आणून अर्धी मांजरीला दिली तर चालते का? शेजारचे कुत्र्याची गोळी तोडून देतात, त्यांचं काही बिघडलं नाही. इथे जवळपास पेट शॉप नाही. आईचं म्हणणं लसूण आणि वावडिंग द्या. (नांदेड जिल्हा)

उत्तर : नाही, शाळेतली गोळी नका देऊ. तिच्यात अल्बेंडाझोल असतं, 400 मिलिग्राम. तुमची मांजर तीन किलोची धरली तर अर्ध्या गोळीने तिला किलोमागे 66 मिलिग्रामच्या वर औषध जातं, तेच वीस किलोच्या मुलाला पूर्ण गोळीतून किलोमागे 20 जातं. आणि आकडा कमी केला तरी माझं उत्तर बदलत नाही, कारण अल्बेंडाझोलने मांजरींमध्ये हाडांच्या मगजावर परिणाम होऊन रक्तपेशी तयार व्हायचं थांबल्याच्या केसेस आहेत. मुलांसाठी ती गोळी उत्तम आहे, त्यांना जरूर घेऊ द्या.

शेजाऱ्यांच्या गोळीचा हिशोब जरा सविस्तर सांगते कारण हे खूप जण करतात आणि "काही बिघडलं नाही" म्हणून चालू ठेवतात. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल लागतं आणि शेवयांसारखे दिसणारे गोलकृमी, रक्त पिणारे अंकुशकृमी यांच्यावर पायरँटेल. मांजरीच्या नेहमीच्या गोळीत चार किलो वजनासाठी 20 मिलिग्राम प्राझिक्वांटेल आणि 230 मिलिग्राम पायरँटेल असतं. कुत्र्याच्या नेहमीच्या गोळीत दहा किलोसाठी प्राझिक्वांटेल 50 आणि पायरँटेल 144, शिवाय फेबँटेल नावाचं तिसरं औषध. म्हणजे चार किलोच्या मांजरीसाठी कुत्र्याची गोळी अर्ध्याहून थोडी कमी तोडली तर पट्टकृमीचं औषध बरोबर बसतं पण पायरँटेल मिळतं 57-58 मिलिग्राम, गरजेच्या चौथा हिस्सा! गोलकृमी आरामात राहतात आणि मालकाला वाटतं आपण जंताचं केलं. बिघडलेलं दिसत नाही ते यामुळे.

लसूण आणि कांदा मांजरीला अजिबात नको, कच्चा नको, शिजवलेला नको, भाजीच्या रश्श्यातला पण नको. त्याने तिच्या तांबड्या पेशी फुटतात आणि आधीच जंतांनी रक्त कमी झालं असेल तर भरच पडते. आईंना सांगा, वावडिंग बाळांच्या दुधात घालायची आपली जुनी पद्धत आहे, त्यांचा हेतू मला कळतो, पण मांजरीला मी ते देत नाही.

पेट शॉप नसलं तरी तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे गाई-म्हशींची गर्दी असते म्हणून लोक मांजर न्यायला लाजतात, लाजू नका. मांजर पिशवीत घालून न्या किंवा निदान तिचं वजन करून घेऊन जा आणि औषध लिहून आणा.

प्रश्न : आमच्या माळ्यावर मांजरीने चार पिल्लं घातली, आता महिन्याची झालीत. चौघांची पोटं नगाऱ्यासारखी आणि पाय काड्या. काल त्यातल्या एकाने उलटी केली त्यात चक्क शेवया, जिवंत. नातवंडं रडायला लागली. सौ. म्हणते गोड दूध पाजल्यामुळे जंत झाले. पिल्लं घराबाहेर गेलेलीच नाहीत तर जंत आले कुठून? एक पिल्लू फार मलूल आहे. (चिपळूण)

उत्तर : काका, आधी ते मलूल पिल्लू. त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात, पांढरट किंवा कागदासारख्या असतील, अंग गार लागत असेल, शी डांबरासारखी काळी असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आजच व्हेटकडे न्या. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात आणि पिसवाही वरून पितात, तेवढ्याशा जीवात रक्त असतं ते किती. अशा पिल्लाला आधी ऊब आणि कधी कधी रक्त द्यावं लागतं, जंताचं औषध कधी द्यायचं ते तपासून ठरवावं लागतं.

उलटीतल्या शेवया म्हणजे गोलकृमी, आणि पिल्लांना ते आईच्या दुधातून आलेत. मोठ्या मांजरीच्या पोटात गेलेल्या काही अळ्या आतड्यात न थांबता तिच्या अंगात जाऊन झोपल्यासारख्या पडून राहतात. आईची शी तपासली तरी काही सापडत नाही, ती धडधाकट दिसते. ती व्याली, दूध सुरू झालं की या अळ्या जाग्या होऊन दुधात उतरतात. म्हणजे पिल्लं माळ्यावरून खाली उतरली नाहीत तरी जंत त्यांच्यापर्यंत पोचतात. कुत्रीच्या पिल्लांना तर जन्माच्या आधी, पोटातच होतात. मांजरींमध्ये तसं होत नाही, दुधातूनच होतात. पण म्हणून आईचं दूध तोडू नका बरं का, त्याच्याशिवाय पिल्लं जगायची नाहीत.

सौ. काकूंचा राग नका धरू तुम्ही, गोड खाल्लं की जंत होतात हे मी माझ्या आजीकडूनही ऐकलंय. साखरेतून किंवा दुधातून जंत तयार होत नाहीत. पण गाईचं दूध पिल्लांना पचत नाही, पातळ शी होते, आणि पातळ शीत जंत नजरेला पडतात, त्यामुळे दोन्हीची जोडी लावली गेली असणार. दूध बंदच करा, आई आहे तोवर आईचं, आणि आता महिन्याची आहेत तर मऊ शिजवलेलं चिकन किंवा काटे काढलेला शिजवलेला मासा थोडा थोडा सुरू करा. तुमच्याकडे मासे साफ करताना डोकी मांजरीपुढे टाकायची सवय असते, ती डोकीही उकळून टाका, कच्च्या मासळी-मटणातून वेगळे जंत येऊ शकतात.

औषध तिसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करायचं असतं, पिल्लांसाठी पायरँटेलचं सिरप मिळतं. दर दोन आठवड्यांनी, दूध सुटून दोन आठवडे होईपर्यंत, मग महिन्यातून एकदा असं सहा महिन्यांची होईपर्यंत. इतक्यांदा का तर औषध आतड्यातल्या जंतांना लागतं, लिव्हर आणि फुप्फुसातून फिरत येणाऱ्या अळ्यांना लागत नाही, त्या दोन आठवड्यांनी आतड्यात पोचतात तेव्हा त्यांना गाठायचं. आईला पिल्लांबरोबरच द्या, सगळ्यांना एकाच दिवशी. डोस अंदाजाने नको, किचनच्या वजनकाट्यावर वाटी ठेवून प्रत्येक पिल्लाचं वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. चारशे ग्रॅमच्या पिल्लात शंभर ग्रॅमची चूक म्हणजे पाव डोसाची चूक. औषधानंतर एक-दोन दिवस शीतून जंत पडतील, काही हलतही असतील, पायरँटेल त्यांना लुळं करतं. नातवंडांना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत. आणि औषधानंतरही पातळ शी थांबली नाही तर शी तपासायला द्या, कारण पातळ शी करणारे कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे एकपेशीय परजीवी आहेत, जंत नव्हेत, त्यांना वेगळं औषध लागतं.

मोठी झाल्यावर ती उंदीर धरणारच. उंदराच्या मांसात पण या अळ्या असतात, शिवाय उंदरातून येणारा एक वेगळा पट्टकृमी आहे. कोकणातल्या फिरत्या मांजरीला दर तीन महिन्यांनी औषध हवंच.

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सुनेला तिसरा महिना आहे. घरात पाच वर्षांची मांजर आहे, सुनेचा तिच्यावर फार जीव. नातेवाईक म्हणतात मांजरीचे जंत बाळाला होतात, डोळे जातात, तिला लांब सोडून या. सून जेवत नाहीये. मला दोघींची काळजी आहे. काय करू? (सातारा)

उत्तर : ताई, मांजर सोडू नका. पाच वर्षं घरात राहिलेली मांजर लांब कुठे सोडली तर बहुतेक जगत नाही, आणि तिला घालवून सुनेचा धोका फारसा कमीही होणार नाही.

दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीय. गरोदरपणात ज्याची भीती सांगतात तो टोक्सोप्लाझ्मा, तो जंत नाहीये, डोळ्याला न दिसणारा एकपेशीय परजीवी आहे, आणि जंताच्या गोळीने तो जात नाही. आईला गरोदरपणात पहिल्यांदाच त्याचा संसर्ग झाला तर बाळाला धोका असतो, हे खरं आहे. पण मांजर तो शीतून टाकते ते साधारणपणे तिला पहिल्यांदा संसर्ग होतो तेव्हा, एक ते तीन आठवडे. त्यानंतर सहसा नाही. आणि शीतून पडला तो लगेच लागत नाही, तयार व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजर शी करते तो लिटर ट्रे रोजच्या रोज साफ केला तर तो तयार व्हायच्या आतच बाहेर गेलेला असतो. हे काम सुनेने करायचं नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं, एवढंच. माणसांना हा संसर्ग बऱ्याचदा होतो तो अर्धकच्च्या मटणातून, न धुतलेल्या पालेभाजीतून आणि मातीतून, म्हणजे मांजर नसलेल्या घरातही होतो. मटण पूर्ण शिजलेलं, कोथिंबीर-मेथी नीट धुतलेली, कुंड्यांमध्ये हात घालताना हातमोजे, हे मांजर असो नसो पाळायचंच. मांजरीला कच्चं मांस देऊ नका, बाहेर शिकारीला सोडू नका, आणि हे सहा महिने नवं रस्त्यावरचं पिल्लू घरात आणू नका. मांजर मांडीवर घ्यायला, कुरवाळायला काही हरकत नाही, हात धुतले की झालं. सुनेच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगा, गरज वाटली तर त्या रक्त तपासतील.

डोळ्यांचं जे ऐकलंत ते गोलकृमीबद्दल पण असू शकेल. कुत्र्या-मांजरांच्या गोलकृमीची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात भटकतात, क्वचित डोळ्यात जातात, 1950 च्या सुमाराला हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. मात्र हेही ताज्या शीतून होत नाही, अंडी मातीत पिकायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून बाळ रांगायला, माती तोंडात घालायला लागेल तोवर मांजरीचं जंताचं वेळापत्रक नीट बसलेलं असू द्या आणि अंगणातल्या वाळूच्या ढिगावर ताडपत्री टाकून ठेवा, भटकी मांजरं तिथेच शी करतात.

सुनेला हे वाचून दाखवा. जेवायला लावा तिला.

प्रश्न : सातव्या मजल्यावर राहतो, बोका कधीच बाहेर जात नाही, फक्त पॅकेटचं खातो. तरी जंताची गोळी लागते का? (पुणे)

उत्तर : कमी लागते. वर्षातून एक-दोनदा, किंवा तितक्यांदा शी तपासून घ्या आणि त्याप्रमाणे ठरवा. चपलांना लागून माती घरात येते, पिसू कपड्यांवरून येते, झुरळ तर सातव्या मजल्यावर पण येतं आणि बोका ते खेळता खेळता खातो, त्यामुळे शून्य धोका नाही. लहानपणी रस्त्यावरून आणला असेल आणि तेव्हा कोर्स झाला नसेल तर एकदा पूर्ण करून घ्या.

प्रश्न : गोळी दिली की आमची चिंगी तोंडाला फेस आणते, आम्ही घाबरून दवाखान्यात पळालो. विषबाधा आहे का? गोळी द्यायची कशी, दोघं जण ओरबाडलो गेलो. (कोल्हापूर)

उत्तर : गोळी दिल्याबरोबर आलेला फेस बहुतेक वेळा कडू चवीमुळे असतो. प्राझिक्वांटेल फारच कडू आहे, गोळी जिभेवर फुटली की लाळेच्या तारा लागतात, पाच-दहा मिनिटांत थांबतं. फेस थांबत नसेल, अंग थरथरत असेल, तोल जात असेल तर मात्र पळालात तेच बरोबर. गोळीचा चुरा करून खाण्यात कालवू नका, ती ते जेवणही सोडेल.

चिंगीला टॉवेलमध्ये चपातीच्या रोलसारखं गुंडाळा, पाय आत, डोकं बाहेर. एकाने मागून धरायचं. दुसऱ्याने डाव्या हाताने डोकं वरून धरून नाक छताकडे करायचं, की खालचा जबडा आपोआप सैल पडतो, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने तो खाली दाबायचा आणि गोळी जिभेच्या अगदी मागे टाकायची, गोळीला आधी थोडं लोणी लावलं तर घसरते. तोंड मिटून गळ्यावर हलकं चोळा, तिने नाक चाटलं म्हणजे गिळली. मग सिरिंजने गालाच्या बाजूने हळूहळू 5 मिली पाणी द्या, कोरडी गोळी घशाखाली अडकून राहते आणि तिथे जखम होऊ शकते. इतकं करूनही जमत नसेल तर मानेवर टाकायचे जंताचे ड्रॉप्स मिळतात का ते तुमच्या व्हेटना विचारा, महाग पडतात पण ओरबाडे वाचतात.